संध्याकाळचा फाळका

भागीरथी आणि पुंडलिक घरात मराठी बोलत, बाजारात कानडी बोलत, आणि ओझं मात्र नेहमी कानडीतच उचलत. पुंडलिकाची उमेदीची वर्षं अळणावरच्या लाकूडगिरणीत गेली होती. तिथे गड्यांनी ओंडक्याला हात घातले की मुकादम ‘एत्तु’ अशी हाक द्यायचा. एत्तु म्हणजे उचल. हाक आली की सगळे एकदम उचलायचे. हाकेआधी कोणी जोर लावायचा नाही, कारण ज्याने लावला त्याची कंबर गेलीच म्हणायची. ती हाक पुंडलिकाच्या अंगात अशी मुरली की पुढे घरात तांदळाचं पोतं सरकवायचं असो नाहीतर कपाट, तो ‘एत्तु’ म्हटल्याशिवाय भागीरथीचे हात हलत नसत. एकदा तर मेहुण्याच्या लग्नात भाताचं पातेलं उतरवताना त्याने अशी खणखणीत हाक दिली, की पंगतीतले दोन कानडी पाहुणे ताटावरून उठून मदतीला धावले.

दोघं हुबळीजवळ उणकलला राहतात. तळ्यापलीकडे नव्या घरांच्या रांगा उठल्या आहेत, त्यांच्यामागे जुन्या गावाची काही कौलारू घरं अजून तग धरून आहेत. त्यातलं एक यांचं, भाड्याचं. दारात जुनी जीप, जीपमागे दोन चाकांचा ट्रेलर, आणि ट्रेलरवर रेडा. हा रेडा म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून चालत तण उपटत जाणारं डिझेलचं छोटं यंत्र. विकणारे त्याला पॉवर वीडर म्हणतात. पण पहिल्याच दिवशी त्याने भागीरथीला कुणाच्या तरी मिरचीतून फरफटत बांधापर्यंत नेलं, तेव्हापासून त्याला रेडा हे नाव पडलं ते पडलंच. आता तो तिच्या धाकात असतो.

भागीरथीचं अर्धं आयुष्य वाकून गेलं. अळणावरजवळच्या खेड्यात मजुराच्या घरी ती जन्मली, आणि मुठीत खुरपं मावायला लागल्यापासून दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला, म्हणजे तण खुरपायला, जायला लागली. लग्नानंतरही तेच. गिरणी बंद पडल्यावर दोघं इकडे आली, पुंडलिकाने जुनी जीप घेतली, बायकांच्या संघाच्या मदतीने भागीरथीने रेडा घेतला, आणि चाळिशी उलटल्यावर ती जीप चालवायलाही शिकली. शिकवणारा पुंडलिकच होता आणि त्या महिन्यात त्याचा आवाज पार बसला होता. आज हेब्बळ्ळी-अम्मिनभावीकडच्या शेतकऱ्यांच्या फोनमध्ये तिचा नंबर ‘रेड्याची अक्का’ म्हणून आहे. रोज सकाळी पदर खोचून ती स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करते आणि म्हणते, “देवा, जे काम वाकून करत होतो ते उभ्यानं करायला दिलंस. उपकार झाले.” तिच्या गावाकडच्या बायका स्वतःबद्दल असंच ‘करतो, येतो, जातो’ म्हणतात. देवालाही त्याची सवय झाली असावी.

ट्रेलर पुंडलिकाने स्वतः उभा राहून बांधून घेतला होता. गिरणी मोडीत निघाली तेव्हा मालकाने त्याला तिथला एक जाड पत्रा देऊ केला, आणि पुंडलिकाने त्याचा फाळका केला. फाळका म्हणजे ट्रेलरची मागची लोखंडी झडप. वर उभी करून कड्या लावल्या की दार, खाली सोडली की जमिनीला टेकणारा उतार. रेडा त्या उतारावरून गुरगुरत उतरायचा, काम झालं की गुरगुरत चढायचा. फाळका भक्कम होता यात वाद नाही. फक्त तो एकट्या माणसाने उचलण्यासारखा नव्हता. एका कडेला भागीरथी, दुसऱ्या कडेला पुंडलिक, एत्तु, आणि कड्या खटाखट. सकाळी पुंडलिक फाळका हातांनी उचलायचा. संध्याकाळी मात्र तो कडेवरून जरा मध्ये सरकायचा, खाली वाकायचा आणि खांदा लावायचा. भागीरथी त्यावरून त्याला चिडवायची. “दमलासा व्हय? मी बघा, सकाळी तशीच आत्ता,” असं म्हणायची. तो नुसता हसायचा.

गेल्या उन्हाळ्यात पुंडलिकाच्या डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. मग कंबर धरली. हुबळीच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, मणका सरकलाय, पायाकडे जाणारी शीर दबलीय म्हणाले. भरल्या कळशीपेक्षा जड काही उचलायचं नाही. उचललंत तर पाय कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊ नका. पुंडलिकाने मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून पटाईत आहे.

भागीरथीने त्याला घरी बसवून बघितलं. तो बसेना. “मी नुसता बसून येतो,” म्हणत जीपमध्ये चढायचा. शेतावर ती कुणाला तरी हाक मारून फाळक्याला बोलवायची. पण श्रावणात सगळ्यांचीच भांगलण एकदम निघते, हात रिकामा असलेला माणूस औषधाला सापडत नाही. एका संध्याकाळी ती मालकाशी दुसऱ्या दिवसाचं बोलायला विहिरीपर्यंत गेली. परत आली तर फाळका वर, दोन्ही कड्या लागलेल्या, आणि पुंडलिक ट्रेलरच्या चाकाला टेकून उभा. तोंड पांढरं पडलेलं. डावा पाय त्याने असा धरला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

“कुणी उचलला?” भागीरथीने विचारलं.

“एक माणूस जात होता वाटेनं.”

वाटेवर दूरवर चिटपाखरू नव्हतं. भागीरथीने त्याला धरून जीपमध्ये बसवलं, आणि उणकल येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवताना तिने सांगून टाकलं, की रेडा विकायचा.

“फाळक्यापायी रेडा विकतीस?” पुंडलिक म्हणाला.

“फाळक्यापायी न्हाई. तुमच्या पायापायी.”

तिला काय वाटत होतं ते सांगायला हवं. रेडा गेला तर ती परत खुरपं घेऊन दुसऱ्यांच्या शेतात वाकणार, हे तिला दिसत होतं. गुडघे आता तसे राहिले नव्हते. पण रेडा राहिला तर हा माणूस एक दिवस पुन्हा ‘वाटेनं जाणारा माणूस’ होणार आणि पाय घालवून बसणार, हेही तितकंच लख्ख दिसत होतं. रात्रभर तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि दोन्ही बाजूंना भिंत लागली. सकाळी तिला एवढंच सुचलं, की निदान फाळका कापून अर्धा करता येतो का ते मंजुनाथला विचारावं.

मंजुनाथचं वेल्डिंगचं दुकान उणकलहून हुबळीकडे जाताना रस्त्याच्या कडेला आहे. माणूस चांगला, तोंड फटकळ. लोकांची गेटं, जिने, खिडक्यांचे गज हे त्याचं रोजचं काम, आणि आलेल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवल्याशिवाय तो तिला हात लावत नाही. जाण्याआधी भागीरथीने ट्रेलर धुतला. तिच्या आईची शिकवण होती, लोखंड लोहाराकडे न्यायचं तर धुऊन पुसून न्यायचं, चिखलाचं अवजार त्याच्या पुढ्यात टाकायचं नाही. लहानपणी ती विळे-खुरपी ओढ्यावर घासूनच लोहाराकडे पळायची. तेव्हा तिने नळाला पाइप लावला, काथ्या घेतला, आणि फाळका दोन्ही बाजूंनी असा घासला की पत्र्याचा मूळचा रंग कित्येक वर्षांनी उजेडात आला. वर कुंकवाचं बोट लावलं, मगच निघाली. पुंडलिकही सोबत निघाला.

मंजुनाथने फाळका एक वीत उचलून खाली सोडला. “नोड्री, बघा अक्का, हे कुणी केलं? ह्याच्यावर हत्ती चढवायचा होता काय?”

“मी केलं,” स्टुलावर बसलेला पुंडलिक म्हणाला.

“भक्कम केलंय अण्णा,” मंजुनाथने तोंड न पाडता सूर बदलला. “कापायला नको. कापला तर उतार आखूड होतो, मग तुमचा रेडा चढताना मागं उलटतो. स्प्रिंग बसवू या.”

मग त्याने खडूने जमिनीवर काढून दाखवलं. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना एकेक पाइप, पाइपात लांब स्प्रिंग. स्प्रिंगच्या एका टोकाला आट्यांचा बोल्ट आणि नट, दुसऱ्या टोकाला तारेचा दोर, तो कप्पीवरून फाळक्याला. फाळका खाली गेला की दोर स्प्रिंगला ओढतो. उचलायला लागलं की तीच ओढलेली स्प्रिंग मागं येते आणि अर्ध्याहून जास्त वजन ती घेते. माणसाने फक्त हात लावायचा. भागीरथीने दोनदा समजून घेतलं. पुंडलिकाने एकदाही काही विचारलं नाही.

तारिहाळच्या ओळखीच्या माणसाकडून स्प्रिंगा यायला दोन दिवस लागले. त्या आल्या त्या दिवशी मंजुनाथने फाळका उभा करून कड्या पक्क्या लावल्या आणि वर एक जाड दोरीही बांधली, कारण फाळका उभा असताना स्प्रिंग सैल असते, तेव्हाच तिला हात लावायचा. पाइप जोडले, कप्प्या बसवल्या, दोर ओवले. मग कड्या काढून फाळका हळूहळू खाली घेतला आणि परत उचलून बघितला. तो वाकडा वर आला, उजवी बाजू पुढे, डावी मागे. “ह्या बाजूचा नट जास्त पिळलाय,” असं स्वतःलाच शिव्या घालत मंजुनाथने फाळका पुन्हा उभा करून बांधला, डावीकडचा नट पान्याने दोन फेरे आवळला. पुन्हा खाली. आता सरळ आला, पण अर्ध्यावर सोडला की धप्पकन पडायचा. पुन्हा उभा, पुन्हा दोन्हीकडे सारखे फेरे. असं करता करता दुपार टळली. शेवटी फाळका अर्ध्यावर सोडला तर तिथेच अंमळ थांबायला लागला, खाली टेकवला तर टेकून राहायला लागला.

“या अक्का. एका हातानं.”

भागीरथीने कडेला हात घातला आणि सवयीने थांबली. हाक आली नाही. मग तिने उचलला. फाळका घरच्या खिडकीचं दार लावावं तसा वर आला. तिने परत खाली केला, परत उचलला. डोळे भरून आले तिचे, आणि तिने ते लपवलेही नाहीत. “तुझ्या हाताला यश आहे गा मंजुनाथ,” ती म्हणाली. मंजुनाथने नारळ फोडला, एक भकल तिच्या हातावर ठेवली, एक पुंडलिकाच्या.

पुंडलिकाने खोबरं खाल्लं नाही. स्टुलावरून उठताना तो हळूच म्हणाला, “झालं तर मग. आता तू मोकळी. मी येऊन तरी काय करायचं?”

त्यात राग नव्हता. राग असता तर भागीरथीने उलट काहीतरी ऐकवलं असतं. तो खरंच विचारत होता. इतक्या दिवसांत तिने फक्त त्याच्या पाठीचा विचार केला होता. पाठीबरोबर माणूसही घरी बसणार, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. हेब्बळ्ळीच्या अलीकडे अंबूताईंचं शेत आहे. अंबूताई धारवाडला मळमड्डीत राहतात, शाळेतून निवृत्त झाल्यात, आणि भांगलणीच्या दिवशी छत्री घेऊन स्कूटरवरून शेतावर हजर असतात. सोयाबीनची भांगलण होती. शेतात वाफसा छान आलेला, पण बांधाकडच्या वाटेवर आदल्या दिवशीच्या सरीने काळ्या मातीचं लोणी केलं होतं. सकाळी फाळका अलगद खाली आला, रेडा उतरला. भागीरथी दिवसभर ओळींमधून चालली. दुपारी झाडाखाली भाकरी सोडली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. नेहमी तिथे बसून पुंडलिक दुसऱ्यांच्या पिकांना नावं ठेवायचा.

संध्याकाळी थोडं शेत राहिलं होतं, पण आभाळ आलं म्हणून तिने रेडा चढवला. त्याच्या लोखंडी चाकांनी आणलेली माती फाळक्यावर थापली गेली, खालची बाजू तर दिवसभर चिखलात रुतूनच होती. ही माती साधी नाही. चपलेला लागली तर चप्पल उचलत नाही. भागीरथीने एका हाताने फाळका उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि परत बसला. दोन्ही हात लावले. मांडीपर्यंत आला, बसला. तिने कंबर कसली, कुणी ऐकत नाही असं बघून स्वतःच “एत्तु” म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. स्वतःच हाक द्यायची आणि स्वतःच उचलायचं यात काही दम नसतो.

शेवटी अंबूताईंनी छत्री मिटली, साडी खोचली आणि चपला काढून चिखलात उतरल्या. “मला सांग कुठे धरायचं,” म्हणाल्या. दोघींनी मिळून फाळका कसाबसा वर नेला. अंबूताईंच्या कोपरापर्यंत चिखल झाला, पण त्यांचा चेहरा शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचून आल्यासारखा झाला होता. “उद्या उरलेलं करायला ये,” त्या म्हणाल्या. भागीरथीने हो म्हटलं, त्यांच्या हातांवर पाणी घातलं आणि खरोखर मनापासून म्हणाली, “ताई, तुमचे उपकार.”

जीप चालवताना मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. फाळका उचलला नाही हे घरी कळलं, तर उद्या पुंडलिक जीपमध्ये बसलेला असणार, आणि संध्याकाळी चाकाला टेकून उभा असणार. तेव्हा घरी पोचल्यावर सांगायचंच नाही, गुपचूप ट्रेलर धुवायचा, असं ठरवून तिने दारात जीप लावली, लगेच नळाला पाइप लावला आणि पाणी सोडलं.

पुंडलिक उंबऱ्यातून बघत होता. “फाळका उचलला न्हाई न्हवं?” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पायजे? चिखल बघ की त्याच्यावरचा.” तो काठी टेकत आला आणि त्याने नळ बंद केला. “धुवू नको. असाच ने मंजुनाथकडं. त्याच्याकडं धुऊन घेऊन गेलीस तू, त्यानं धुतलेल्या फाळक्याचं वजन धरलं. आपला मंजुनाथ गेटं-खिडक्या करणारा, त्याला कुठं ठाऊक काळी माती? सकाळचा फाळका येगळा भागीरथी, संध्याकाळचा येगळा. दीडपट होतोय.”

“मला कसं कधी कळलं न्हाई ते? मला तर सकाळी तेवढाच लागायचा, संध्याकाळी तेवढाच.”

पाइपातून उरलेलं पाणी गळत होतं, पुंडलिक तिकडे बघत राहिला.

आणि भागीरथीला दिसलं. संध्याकाळ झाली की कडेवरून मध्ये सरकणारा, खाली वाकून खांदा लावणारा पुंडलिक तिला दिसला. तिच्या वाट्याचं वजन वाढू नये म्हणून चिखल तेवढा तो खांद्यावर घेत होता. रोज. आणि ती त्याला दमलासा व्हय म्हणून चिडवत होती. डॉक्टरांच्या फोटोतला तो सरकलेला मणका कुठल्या ओझ्याने सरकला, तेही तिला त्याच क्षणी कळलं. ती तिथेच ओल्या दगडावर बसली.

“सांगितलं का न्हाईसा?”

“सांगून काय हलका झाला असता?” पुंडलिक म्हणाला. “तू दिवसभर रेड्यामागनं चालणार, मी झाडाखाली बसणार. येवढं तर पायजे की न्हाई माझ्याकडं?”

भागीरथी रडली. पुंडलिकाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच जमलं नाही. तो तिच्याशेजारी काठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि तिचं झाल्यावर म्हणाला, “चहा ठेव आता.”

सकाळी चिखलाने माखलेला ट्रेलर घेऊन लोहाराच्या दारात जाताना भागीरथीला आईची आठवण येऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंजुनाथने कपाळाला हात लावला. “अक्का, त्या दिवशी लक्ष्मी आणलीत, आज हे काय?” पण पुंडलिकाने त्याला फाळक्याजवळ नेलं, काठीने मातीचा थर दाखवला, रेडा कुठून चढतो, माती कुठे थापली जाते, खालून कशी धरते, सगळं सांगितलं. परवा स्टुलावर तोंड मिटून बसलेला माणूस तो हाच का, असं मंजुनाथलाही वाटलं असावं. त्याने फाळका उचलून पाहिला, परत पाहिला, आणि नावं ठेवायचंही विसरला.

“स्प्रिंग आवळून भागणार नाही अण्णा. चिखलाच्या वजनाला आवळली तर धुतल्यावर फाळका खाली राहणारच नाही, तोंडावर येईल.”

“मग चिखलच राहू नये असं कर की,” पुंडलिक म्हणाला. “पत्रा काढ. नुसत्या पट्ट्या टाक, मध्ये फट ठेव. माती खाली गळंल. रेड्याची चाकं पट्ट्यांना धरून चढतील.”

“तुमचा पत्रा कापू?”

पुंडलिकाने फाळक्यावर एकदा हात फिरवला. गिरणीतलं आता तेवढंच उरलं होतं. “काप,” तो म्हणाला.

चौकट ठेवून मंजुनाथने पत्रा कापला आणि त्या जागी अँगलच्या आडव्या पट्ट्या जोडल्या. आता फाळका हलका झाला आणि स्प्रिंगा मात्र जुन्याच वजनाला आवळलेल्या. त्यामुळे पहिल्यांदा खाली टेकवून सोडला तेव्हा तो झोपेतून दचकल्यासारखा आपणहून उठला, आणि मंजुनाथ पाना टाकून मागे सरला. भागीरथीला हसू आवरेना. मग पुन्हा तेच, फाळका उभा करायचा, बांधायचा, दोन्हीकडचे नट सारखे सैल करायचे. पुंडलिक शेजारी उभा राहून फेरे सांगत होता. अर्धा अजून. साकु, म्हणजे पुरे. आता डावा. दुकानामागच्या डबक्यातला चिखल आणून पट्ट्यांवर थापून बघितला, धुऊन बघितला. दोन्ही वेळा फाळका खाली टेकून राहिला आणि हात लावला की वर आला.

दुपार कलल्यावर ते अंबूताईंच्या शेतावर पोचले. ते, म्हणजे दोघंही. भागीरथीने निघताना काही विचारलं नव्हतं, नुसतं शेजारच्या सीटवरचं फडकं झटकलं होतं. उरलेल्या सोयाबीनमधून ती रेडा घेऊन चालली. पुंडलिक झाडाखाली बसून अंबूताईंना त्यांच्या शेजाऱ्याचं पीक का पिवळं पडलंय ते सांगत होता.

संध्याकाळी रेडा चढला. माती पट्ट्यांमधून बदाबदा खाली पडली, थोडी राहिली. पुंडलिक काठी टेकत आला आणि सवयीने कडेवरून मध्ये सरकला, मग आठवण झाल्यासारखा थांबला आणि बाजूला होऊ लागला.

“कुठं चाललासा?” भागीरथी म्हणाली. तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली. “डॉक्टरांनी कळशीयेवढं चालतंय म्हटलंय. हे कळशीपेक्षा हलकं आहे, मी उचलून बघितलंय. तुमचं काम तुम्ही करा.”

पुंडलिकाने तिच्याकडे पाहिलं. फाळक्याच्या कडेला हात घातला, पण उचलला नाही. तेव्हा भागीरथीला कळलं की तो कशाला थांबलाय. गिरणी सुटल्यापासून त्याच्यासाठी ती हाक कुणी दिलीच नव्हती.

“एत्तु,” भागीरथी म्हणाली.

फाळका वर आला. पुंडलिकाने तो उभा धरून ठेवला, एका हाताने, पाठ सरळ. भागीरथीने कड्या लावल्या आणि त्याची काठी त्याला परत दिली.